जुना कम्प्युटर, नवी हार्ड डिस्क: ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर आधी थांबा

गेल्या महिन्यात मगरिबनंतर शेजारच्या चाचांचा फोन आला. “मास्तर, डब्बे की बत्ती जलतीये, पर कंप्यूटर में कुछ दिखताच नै. जरा आके देखते क्या?”

डब्बा म्हणजे पोर्टेबल हार्ड डिस्क, खिशात मावणारी, एक टीबीची. चाचा मुरुममध्ये लग्नपत्रिका आणि जलशांची पोस्टरं उर्दूत करून देतात. त्यांचा कम्प्युटर वीस वर्षांचा आहे आणि त्यात अजून विंडोज एक्सपी चालतं. नवा का घेत नाही, असं कोणी विचारलं की चाचांचं उत्तर ठरलेलं असतं: इनपेजचं जुनं व्हर्जन याच्यावर नीट चालतं, सगळ्या पत्रिकांचे साचे याच्यातच आहेत, मग बदलायचं कशाला? आम्हालाही त्यात चूक वाटत नाही. चालतंय ते चालू द्यावं. फक्त असल्या कम्प्युटरला आजच्या वस्तू जोडल्या की दोघांची भाषा जुळत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं.

त्या डब्ब्यात काय होतं ते ऐकल्यावर आम्ही चहा तसाच ठेवून निघालो. चाचांचा भाचा पुण्यात नोकरी करतो. ईदच्या सुट्टीत आला तेव्हा त्याने चार दिवस बसून घरातली पत्र्याची पेटी रिकामी केली होती. जमिनीची खरेदीखतं, खासरा पत्रकाच्या नकला, निजामकाळातले उर्दू कागद, सगळ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले, दादीचा एकुलता एक फोटो, हे सगळं त्याने स्कॅन केलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आपल्या उमरगा तालुक्यातली गावंच्या गावं पडली, तेव्हा चाचांच्या सासरवाडीचं घरही गेलं. ही पेटी मातीखालून काढलेली. तेव्हा वाचलेले कागद नंतर वाळवीने धरले. काहींचे आता फक्त तुकडे उरलेत, त्यामुळे स्कॅन केलेलं चित्र हाच त्यांचा शेवटचा पुरावा. भाच्याने सगळं डिस्कवर टाकलं आणि लॅपटॉपमध्ये जागा नाही म्हणून तिकडचं पुसून टाकलं. म्हणजे जगात प्रत एकच, आणि ती त्या डब्ब्यात.

असे कागद किती कामाचे असतात हे मराठवाड्यात वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारे लोक शोधावे लागले. जमीन असो, इनामाचा मुंतखब असो की वारसाची नोंद असो, आपल्याकडे जुना कागद कधी लागेल ते सांगता येत नाही.

तर चाचांच्या घरी काय पाहिलं ते क्रमाने सांगतो. तुमच्या घरी डिस्क दिसेनाशी झाली तर हाच क्रम धरा.

पहिली शंका नेहमी विजेची घ्यायची. चाचांनी डिस्क कम्प्युटरच्या पुढच्या बाजूच्या यूएसबी खाचेत लावली होती. दिवा लागत होता, पण कान जवळ नेला तर आतून दर दोन-तीन सेकंदांनी बारीक ‘टिक’ ऐकू येत होतं. आत थाळी फिरवणारी मोटर सुरू व्हायला पाहते आणि बसते, असा तो आवाज. याचं कारण साधं आहे. जुन्या म्हणजे यूएसबी २.० खाचेतून नियमाने ५०० मिलिअँपिअर इतकाच करंट मिळतो. नव्या निळ्या खाचेतून, यूएसबी ३.० मधून, ९०० मिळतो. आजच्या डिस्क बहुतेक ३.० साठी बनतात आणि थाळी फिरायला लागते त्या पहिल्या क्षणी त्यांना जास्त ताकद लागते. त्यात पुढच्या खाचा मदरबोर्डला बारीक, लांब वायरने जोडलेल्या असतात, म्हणून तिथे करंट आणखी कमी पडतो. दिवा लावायला थोडी वीज पुरते, मोटर फिरवायला पुरत नाही. त्यामुळे ‘दिवा लागतोय म्हणजे डिस्क चालू आहे’ असं धरून चालू नका.

आम्ही कम्प्युटर भिंतीपासून ओढला, मागची धूळ फडक्याने पुसली आणि डिस्क मागच्या खाचेत लावली. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर असतात. टिकटिक थांबली आणि थाळी एकसारखी फिरू लागली. तुमच्याकडे मागची खाचही पुरली नाही, तर दोन तोंडांची यूएसबी केबल मिळते. ती दोन खाचांत लावली की दोन्हीकडून वीज घेते. नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा. एक खाच चार करणारा साधा हब मात्र उपयोगाचा नाही, तो उलट आहे तीच वीज वाटून टाकतो.

केबलचंही तेच. डिस्कसोबत आलेली आखूड केबल हरवते, मग घरातली कुठली तरी दुसरी लावली जाते. काही केबल फक्त मोबाइल चार्ज करण्यापुरत्या असतात, त्यांच्यात माहिती नेणारी तार नसतेच. केबल लांब असेल तर वीज वाटेत कमी होते. डिस्क बिघडली असं ठरवण्याआधी एकदा केबल बदलून पाहणं अगदी स्वस्तात होतं. आणि दुसऱ्याच्या नव्या कम्प्युटरवर लावून पाहणं तर फुकट. तिथे डिस्क उघडली तर खोट डिस्कमध्ये नाही, आपल्या कम्प्युटरमध्ये आहे, हे दोन मिनिटांत कळतं. आम्ही त्या संध्याकाळी हे सगळ्यात आधी करायला हवं होतं. पण लॅपटॉप घरी राहिला होता.

डिस्क फिरू लागली, तर दुसरंच संकट पडद्यावर आलं. ‘ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही. आता फॉरमॅट करायची का?’ या अर्थाचा इंग्रजी चौकोन, खाली ‘यस’ आणि ‘नो’. चाचांचा हात माऊसकडे गेला. “हौ बोल रहा ना, कर दूँ?” आम्ही अक्षरशः त्यांचं मनगट धरलं.

‘यस’ दाबलं तर काय होतं

फॉरमॅट म्हणजे डिस्कवरच्या वहीची अनुक्रमणिका फाडून नवी कोरी लावणं. ‘क्विक’ फॉरमॅट केलं तर पानं राहतात, पण कुठे काय आहे ते सांगणारं काही उरत नाही. मग डेटा रिकव्हरीवाल्याकडे जायचं आणि तो सांगेल ते पैसे मोजायचे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये पूर्ण फॉरमॅट केलं, तर प्रत्येक पानावर शून्यं लिहिली जातात. मग कोणी काही परत आणू शकत नाही.

खरं म्हणजे तो चौकोन फसवा आहे. कम्प्युटर ‘ही डिस्क कोरी आहे’ असं म्हणतो, पण त्याला म्हणायचं असतं ‘या डिस्कवरची लिपी मला वाचता येत नाही’. आमच्या वर्गातल्या मराठी माध्यमाच्या मुलासमोर उर्दूचा कागद ठेवला आणि तो म्हणाला ‘सर, यावर काही लिहिलेलंच नाही, फाडून टाकू?’ तर आपण काय म्हणू? तसंच इथे आहे.

डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. फॅट-३२ ही जुनी पद्धत, तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. एनटीएफएस ही विंडोजची नेहमीची. एक्सफॅट ही नंतर आलेली. ती विंडोज आणि ॲपलचा मॅक दोघांनाही वाचता-लिहिता येते, म्हणून आज अनेक जण तीच निवडतात. भाच्याच्या ऑफिसात मॅक आहेत, त्याने दोन्हीकडे चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट केली होती. त्याचं काही चुकलं नाही. पण एक्सपी २००१ चं आणि त्याला मुळात एक्सफॅट येत नाही. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी त्याचं वेगळं अपडेट काढलं होतं, ते चाचांच्या कम्प्युटरवर कधी पडलंच नव्हतं. तो कम्प्युटर इंटरनेटला जोडलेलाच नाही. आणि जोडूही नये असं आमचं मत, कारण एक्सपीची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला बंद झाली. विंडोज ७ असेल तर एक्सफॅट आपोआप वाचलं जातं. मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने किंवा लिनक्सच्या पद्धतीने भरलेली डिस्क मात्र नव्यातल्या नव्या विंडोजलाही थेट वाचता येत नाही. अशी डिस्क दुबई-सौदीहून कोणी आणली की घरात हमखास गोंधळ होतो. तिथे डिस्कवर चिडू नका, ज्याने भरली त्याला एक फोन करा आणि कशावर भरली ते विचारा.

आम्ही ‘नो’ दाबलं, डिस्क नीट बंद केली आणि चाचांना सांगितलं, उद्या आमचा लॅपटॉप घेऊन येतो, तोवर हिला हात लावू नका. चाची आतून म्हणाल्या, “मैं अलमारी में रखके ताला लगा देती.” त्यांनी खरंच लावलं.

चौकोनही आला नाही तर

कधी कधी असा चौकोनसुद्धा येत नाही. दिवा लागतो, थाळी फिरते, जोडल्याचा ‘टुंग’ आवाजही येतो, पण ‘माय कम्प्युटर’ मध्ये डिस्कचं चित्र नाही. तेव्हा माय कम्प्युटरवर उजवं बटण दाबून ‘मॅनेज’ आणि तिथे ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. कम्प्युटरला जोडलेली प्रत्येक डिस्क तिथे पट्टीच्या रूपात दिसते, भले तिला नाव मिळालेलं नसो. ही खिडकी डॉक्टरच्या एक्स-रेसारखी समजा. बघायचं, पण न समजता तिथे काही दाबायचं नाही.

तिथे पट्टी निळी आहे, आकार बरोबर आहे, पण तिच्यावर ई, एफ असं अक्षर नाही, तर प्रश्न फक्त नावाचा आहे. जुन्या कम्प्युटरमध्ये मेमरी कार्डचा रीडर असेल तर तो एकटाच चार अक्षरं अडवून बसतो. ऑफिसात नेटवर्कवरच्या फोल्डरला एखादं अक्षर दिलेलं असेल, तर एक्सपी कधी कधी नव्या डिस्कला नेमकं तेच अक्षर देतं आणि डिस्क झाकली जाते. पट्टीवर उजवं बटण दाबा, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’ निवडा आणि शेवटाकडचं एखादं अक्षर द्या, आर किंवा टी. याने आतल्या फाइलींना काही होत नाही.

पट्टीवर ‘जीपीटी प्रोटेक्टिव्ह’ असं लिहिलेलं दिसलं तर समजा, एक्सपीची हद्द संपली. डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत, हे लिहून ठेवायच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर, तिला साधारण २ टीबीपर्यंतचीच डिस्क पेलते. नवी जीपीटी मोठ्या डिस्कसाठी लागते, आणि ३२-बिट एक्सपीला ती वाचताच येत नाही. म्हणून ४ टीबीची डिस्क एक्सपीवर चालवण्याचा हट्ट करू नये. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला तरी.

पट्टी काळी आहे, ‘अनअलोकेटेड’ लिहिलंय, किंवा ‘इनिशियलाइज करू का’ असा चौकोन येतो, आणि डिस्कमध्ये तर तुमचा माल होता हे पक्कं माहीत आहे, तर सगळं रद्द करून बाहेर या. दुसऱ्या, नव्या कम्प्युटरवर बघा. तिथेही तसंच असेल तर ते घरच्या घरी करण्याचं काम नाही.

विंडोज ७ वाल्यांची एक वेगळीच अडचण असते. त्यांच्या काही कम्प्युटरला निळी खाच असते, पण विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो, तो कंपनीच्या सीडीवरून टाकावा लागतो. विंडोज परत टाकून देणाऱ्याने ती सीडी वापरली नसेल, तर निळी खाच मेल्यासारखी असते आणि काळी चालू. डिस्क काळ्या खाचेत लावा, इतकंच. आणखी एक: डिस्क जोडलेली ठेवून कम्प्युटर चालू केला आणि तो काळ्या पडद्यावरच अडकला, तर घाबरू नका. काही जुने कम्प्युटर यूएसबीवरून सुरू व्हायला बघतात आणि अडकतात. डिस्क काढा, विंडोज पूर्ण चालू होऊ द्या, मग लावा.

टिकटिक थांबली नाही तर हात थांबवा

वर सांगितलेली टिकटिक विजेच्या कमतरतेची होती, म्हणून खाच बदलल्यावर गेली. चांगली केबल, मागची खाच, नवा कम्प्युटर, सगळीकडे तोच आवाज येत असेल, किंवा घासल्यासारखा खर्र आवाज येत असेल, तर आतलं वाचणारं डोकं नादुरुस्त झालं असावं. पडलेल्या डिस्कचं असं होतं. तेव्हा प्रत्येक वेळी चालू करून पाहणं म्हणजे थाळीवर ओरखडे वाढवणं. बंद करा आणि माल खरंच महत्त्वाचा असेल तर मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्या. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय व्हॉट्सॲपवर फिरतो. तो करू नका, आत दव धरतं. गल्लीतल्या दुकानात उघडूही देऊ नका, या थाळीवर धुळीचा एक कणही पुरेसा असतो.

काही जण म्हणतात, वरचं प्लॅस्टिक काढून आतली डिस्क थेट मदरबोर्डला लावू. पूर्वी ते जमायचं. आता काही डिस्कमध्ये यूएसबीची खाच आतल्या पट्टीवरच असते, वेगळी केबल लागतच नाही. आणि काही कंपन्यांच्या डब्ब्यातली चिप माहिती कुलूपबंद करून लिहिते, म्हणून डब्ब्याशिवाय ती वाचता येत नाही. वॉरंटी जाते ती वेगळीच.

विंडोजचं ‘चेक डिस्क’ हे साधन चांगलं आहे, पण तेही नंतर. आजारी डिस्कवर आधी दुरुस्ती चालवली तर दुरुस्तीच्या नादात फाइली जाऊ शकतात. आधी माल दुसरीकडे काढायचा, मग डिस्कची तब्येत बघायची.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. विंडोज १० वर डिस्क जोडल्या जोडल्या उघडली, सगळे फोल्डर जागेवर. चाचांच्या एक्सपीला माल कसा द्यायचा, तोही मार्ग सोपा निघाला. त्यांनी उमरग्याहून नवी डिस्क मागवली, आम्ही ती लॅपटॉपवर एनटीएफएस केली (ही कोरी होती, म्हणून इथे फॉरमॅट चालतं) आणि एकीतून दुसरीत सगळं उतरवलं. त्यांचा जुना कम्प्युटर ती आता मागच्या खाचेत लावली की बिनतक्रार वाचतो. वेग मात्र यूएसबी २.० चाच, सेकंदाला तीसेक एमबी. ५०० जीबी माल असेल तर साडेचार तास धरा आणि इन्व्हर्टर चालू आहे ना ते बघून घ्या. निम्म्यात लाईट गेली तर अर्धवट फाइल तयार होते. लिहिणं चालू असताना डिस्क ओढून काढली तरी तेच, म्हणून खालच्या कोपऱ्यातल्या ‘सेफली रिमूव्ह’ वर दाबूनच काढायची सवय लावा. आमच्या शाळेतल्या मुलांना हे सांगून सांगून आम्ही थकलो.

जुनी डिस्क भाच्याकडे परत पुण्याला गेली. त्याला फोनवर बजावलं की त्या फोल्डरची आणखी एक प्रत ऑनलाइन ठेव, आणि ती आहे असं नुसतं सांगू नकोस, उघडून दाखव. त्याने उघडून स्क्रीनशॉट पाठवला.

फाइली उतरत होत्या तेवढ्या वेळात चाचांनी एक कागद उघडायला लावला. शिकस्ता वळणाची उर्दू, कोपऱ्यात फाटलेला. चष्मा वर-खाली करत त्यांनी तारीख लावली, महिना बहमन, साल १३४८ फसली. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे १९३८-३९. खाली त्यांच्या दादांचं नाव होतं. मूळ कागदावर ती ओळ वाळवीने खाल्ली आहे, चाचांनी पेटीतून काढून आम्हाला दाखवली. स्कॅन झालं तेव्हा ती शाबूत होती.

नव्या डिस्कवर आता चाचांनी पांढरी पट्टी चिकटवली आहे. एका बाजूला उर्दूत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत लिहिलंय: ‘फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणा. मास्तरांना फोन करा.’ आमचा नंबरही लिहिणार होते, तो मात्र आम्ही लिहू दिला नाही.